नव्या कवीची बाजू

म्हापशाला राहणारा माझा एक भाचा आहे. वय वर्षे एकोणीस. कानात सदानकदा ती पांढरी बोंडं. मागच्या वर्षी चवथीला घरी आला होता. आरत्या आटोपल्या, नेवऱ्यांचं ताट पुढे आलं, तसा माझ्याजवळ सरकून त्याने फोन पुढे केला. "मामा, हें आयक पळोवया. ताचें पयलेंच गाणें." कोणी त्याच्या ओळखीचा मुलगा. रॅप करतो. अर्धं कोंकणीत, अर्धं मराठीत, मध्ये थोडी हिंदी. मी अर्धा मिनिट ऐकलं आणि फोन परत दिला. "याला गाणं कोणी म्हटलं?" असं काहीतरी बोललोही असेन. तो म्हणाला, "मामा, चार दिवसांत हजारो लोकांनी ऐकलंय. तुम्ही लिहिता ना, मग याच्यावर लिहा." मी म्हटलं, "हजारोंनी ऐकलं म्हणून मी लिहायचं?" त्यावर तो फट्‌दिशी म्हणाला, "आणि तुमच्यातल्या कोणी ऐकलं नाही म्हणून तुम्ही ऐकायचंही नाही?"

मी हसण्यावारी नेलं. पण हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर मला मिळालं ते भलत्याच ठिकाणी. उज्जैनला.

कार्तिकात उज्जैनला जायचा योग आला. गोव्याच्या माणसाला उज्जैन तसं परकं नाही, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. महाकालाचं देऊळ इल्तुतमिशच्या स्वारीत १२३४-३५च्या सुमारास उद्ध्वस्त झालं. आज आपण ज्याच्यापुढे हात जोडतो ते देऊळ १७३०च्या दशकात उभं राहिलं, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या पुढाकाराने. हे रामचंद्र मल्हार सुखटणकर म्हणजे मंगेशीच्या मंगेशाचे निस्सीम भक्त. १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिलं तेही त्यांच्याच सांगण्यावरून. तेव्हा महाकालाच्या रांगेत उभं राहिल्यावर आपल्या माणसाने बांधलेल्या घरी आल्यासारखं वाटलं. २०२२ साली झालेल्या नव्या 'महाकाल लोक'मुळे तिथली गर्दी फार वाढलीय, पण ते असो.

कार्तिकातली प्रबोधिनी एकादशी उज्जैनला आणखी एका कारणासाठी मोठी. त्या दिवसापासून तिथे कालिदास समारोह सुरू होतो. पंडित सूर्यनारायण व्यासांनी १९५८ साली ही प्रथा पाडली. कालिदासाचं जन्मगाव कुठलं यावर विद्वानांनी शाई भरपूर सांडली आहे, पण त्याचं मन कुठे रमलं होतं याबद्दल वाद घालायला जागा नाही. 'मेघदूता'तला यक्ष ढगाला सांगतो, वाट वाकडी झाली तरी चालेल, पण उज्जयिनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. सांजवेळी महाकालाच्या पूजेत तुझ्या गडगडाटाचा नगारा होऊ दे, असंही बजावतो. नकाशा घेऊन बसलेला माणूस असं सांगत नाही. जीव अडकलेलाच सांगतो.

समारोहाला जायचं म्हणून प्रवासात वाचायला 'मालविकाग्निमित्र' घेतलं होतं. कॉलेजात 'शाकुंतल' अभ्यासाला होतं. हे मात्र कधी नीट वाचलं नव्हतं. कालिदासाचं हे पहिलं नाटक असं अभ्यासक मानतात. नांदी संपून दोन पानं झाली नाहीत तोच मी थबकलो. माझा भाचा आणि मी, दोघेही तिथे रंगमंचावर उभे!

प्रसंग असा. वसंतोत्सव आहे. सूत्रधार येऊन सांगतो, की प्रेक्षकांच्या सभेची आज्ञा झाली आहे, आज कालिदासाचं नवं नाटक करायचं. यावर त्याचा मदतनीस, म्हणजे पारिपार्श्वक, नाक मुरडतो. भास, सौमिल्ल, कविपुत्र अशी एकाहून एक नामांकित मंडळी आहेत, त्यांची नाटकं बाजूला ठेवून या हल्लीच्या पोराचं नाटक कशाला, एवढा मान कशासाठी, अशी त्याची तक्रार. अगदी माझाच प्रश्न, माझ्याच सुरात. शेजारी नेवऱ्यांचं ताट तेवढं नव्हतं.

सूत्रधाराने दिलेलं उत्तर संस्कृत येणाऱ्या आणि न येणाऱ्या पुष्कळांना सुभाषित म्हणून पाठ आहे. त्याचा मथितार्थ सगळ्यांना माहीत असतो: जुनं म्हणून सगळंच चांगलं नसतं आणि नवं म्हणून काही वाईट ठरत नाही. आपण इथेच थांबतो. शाळेच्या फळ्यावर लिहितो, भाषणात वापरतो. पण सूत्रधार इथे थांबत नाही. तो पुढे म्हणतो, की जाणता माणूस पारखून घेतो आणि मग निवड करतो, मूर्ख मात्र दुसऱ्याच्या मताच्या मागे जातो.

हा उत्तरार्ध मला चटका देऊन गेला, कारण तो दोन्ही बाजूंनी कापतो. 'भास मोठा, असं सगळे म्हणतात, म्हणून नवा नको' असं म्हणणारा पारिपार्श्वक त्यात सापडतो. आणि 'हजारो लोकांनी ऐकलं, म्हणून तुम्हीही ऐका' असं म्हणणारा माझा भाचाही सापडतो. गंमत बघा, सूत्रधार नव्या कवीची बाजू घेतो, पण त्याची स्तुती करत नाही. कालिदास थोर आहे, अद्वितीय आहे, असं अवाक्षर त्याच्या तोंडी नाही. तो प्रेक्षकांना एवढंच सांगतो की बसा, बघा आणि मग तुम्हीच ठरवा. पहिल्या नाटकाची याहून सभ्य जाहिरात माझ्या पाहण्यात नाही.

हे नाटक पहिल्यांदा कुठे झालं, त्या गावाचं नाव प्रस्तावनेत दिलेलं नाही. पण परंपरा कालिदासाला ज्या उज्जयिनीशी बांधते, ती डोळ्यांपुढे आणली तर पारिपार्श्वकाच्या तक्रारीला वेगळीच धार येते. भास हा नुसता मोठा नाटककार नव्हता, तो या गावाच्या गोष्टी सांगणारा होता. उज्जयिनीचा राजा प्रद्योत, त्याची मुलगी वासवदत्ता, तिला वीणा शिकवता शिकवता पळवून नेणारा वत्सराज उदयन, ही 'प्रतिज्ञायौगंधरायणा'ची कथा. 'स्वप्नवासवदत्त' तिचाच पुढचा भाग. 'चारुदत्त' हे नाटकही उज्जयिनीतच घडतं. या गावाला भास म्हणजे घरचा माणूस. आपल्याकडे जत्रेच्या नाटकाला गावाचं ठरलेलं पौराणिक सोडून एखाद्या नवख्याचं नाटक लावलं, तर देवळाच्या चौकात काय काय बोललं जाईल याची कल्पना आपल्याला आहे. कालिदासापुढची सभा तशीच असली तर नवल नको.

आणि कालिदासाने त्या जुन्या माणसाचा राग धरला का? मुळीच नाही. 'मेघदूता'त अवंतीतल्या गावांचा उल्लेख येतो, तिथले म्हातारेकोतारे उदयनाच्या कथा जाणणारे आहेत, असं तो कौतुकाने सांगतो. ज्याच्याशी आपली तुलना करून लोक नाकं मुरडतात, त्याच्याच गोष्टीला आपल्या काव्यात मानाचा पाट देणं, हे मोठ्या मनाचं काम आहे.

पुढे काळाने काय केलं तेही ऐकण्यासारखं आहे. पारिपार्श्वकाने तीन नावं घेतली होती. त्यांतल्या सौमिल्लाचं नि कविपुत्राचं एकही नाटक आज आपल्या हातात नाही. भास तर शेकडो वर्षं नुसता नावाने उरला होता. बाणभट्टाने त्याला वाखाणलं, राजशेखराने वाखाणलं, पण नाटकं कुठे होती? १९०९च्या सुमारास गणपतिशास्त्र्यांना त्रावणकोरात ताडपत्रांवरची नाटकं सापडली. १९१२पासून ती त्रिवेंद्रमहून छापून येऊ लागली. एकंदर तेरा. ती सगळीच भासाची आहेत का, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. म्हणजे ज्या नामवंतांपुढे कालिदासाला बसायलाही जागा नव्हती, त्यांतले दोघे त्या नवख्याच्या प्रस्तावनेतल्या एका ओळीमुळे आठवणीत उरले. पारिपार्श्वकाची शंका नसती तर त्यांची नावंसुद्धा आपल्या कानांवर सहसा आली नसती.

नाटक पुढे वाचत गेलो तर आणखी मौज. या नाटकाच्या पोटातही एका नवख्या कलावंताचं पदार्पणच आहे. विदिशेचा राजा अग्निमित्र. मालविका ही विदर्भाची राजकन्या, पण दैवगतीने राणी धारिणीच्या पदरी दासी म्हणून राहिलेली. गणदास नावाच्या नाट्याचार्याकडे ती शिकते. राजाने तिचं फक्त चित्र पाहिलंय आणि तेवढ्यावर तो घायाळ आहे. तिला प्रत्यक्ष पाहायचं कसं? विदूषक गौतम युक्ती काढतो. गणदास आणि हरदत्त या दोन आचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असं भांडण तो लावून देतो. निवाडा कसा करायचा? दोघांच्या शिष्यांचा प्रयोग बघून. परीक्षक म्हणून पंडिता कौशिकी ही परिव्राजिका बसते. आजच्या रॅपवाल्यांच्या भाषेत याला 'बॅटल' म्हणतात, हे मला भाच्याने मागाहून सांगितलं.

दुसऱ्या अंकात मालविका गाते, अभिनय करते आणि सभा जिंकते. परिव्राजिका तिच्या प्रयोगात दोष काढायला जागा नाही असं म्हणते. विदूषक मात्र खोडी काढतो, की पहिल्याच प्रयोगाच्या वेळी ब्राह्मणाची पूजा करायची असते, ती राहिली! (ती आणखी थोडा वेळ थांबावी नि राजाला पाहायला मिळावी, एवढाच त्याचा हेतू.) मग हरदत्त पुढे होतो, आता माझा प्रयोग बघा म्हणतो. तेवढ्यात दुपार झाल्याची ललकारी होते. तुमचं उद्या बघू, म्हणून राजा त्याला वाटेला लावतो. राजाला जे बघायचं होतं ते बघून झालेलं असतं. गणदासाची सरशी झाल्याचं पुढच्या अंकात आपल्याला बोलण्यातून कळतं, पण हरदत्ताच्या बाजूचा प्रयोग रंगमंचावर येतच नाही.

इथे मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. प्रस्तावनेत ज्याने 'पारखून घ्या' म्हणून सांगितलं, त्यानेच आतल्या नाटकात पारख कशी बिघडते तेही दाखवून ठेवलंय. मालविका खरोखरच गुणी आहे. तिला मिळालेली दाद खोटी नाही. पण ती स्पर्धा भरली ती कलेसाठी नव्हे, आणि त्या गडबडीत दुसऱ्या कोणा गुणी माणसाची पाळी 'उद्या'वर गेली. आजच्या टीव्हीवरच्या स्पर्धांत याहून वेगळं काय होतं?

नव्या कवीची पारख करण्याची रीत उज्जैनशी जुनीच बांधलेली आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. हा राजशेखर यायावर घराण्यातला, आपल्या पणज्याला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवणारा. तो सांगतो, की राजाने मोठ्या नगरांत ब्रह्मसभा भरवाव्यात, तिथे कवींची परीक्षा घ्यावी, जो उतरेल त्याच्या कपाळी पट्ट बांधावा आणि त्याला रथात बसवून मिरवावं. उज्जयिनीत अशी काव्यकारांची परीक्षा झाल्याचं ऐकिवात आहे, असं म्हणून तो परीक्षा दिलेल्यांची नावं देतो: कालिदास, मेंठ, भारवी वगैरे. काळाच्या हिशेबाने ही सगळी मंडळी एका वेळी एका सभेत बसणं शक्य नाही. पण दंतकथेचा रोख बघा. कालिदासालाही परीक्षा चुकली नाही, असं लोकांना सांगावंसं वाटलं. आणि क्रमही बघा. आधी परीक्षा, मग रथ. आपण हल्ली रथ आधी काढतो.

रथ आधी निघाला तर काय होतं, याचं एक उदाहरण उज्जैनपासून तासाभराच्या वाटेवर आहे, देवासला. कुमार गंधर्व. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा जन्म. शिवपुत्र कोमकळी. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गायचा. 'कुमार गंधर्व' ही पदवी पोरवयातच मिळाली. १९३६ साली मुंबईला जिना हॉलमध्ये तो गायला तेव्हा बारा वर्षांचाही नव्हता, आणि भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली. एवढ्या कौतुकात पोर वाहून जायचं. पण त्याला देवधर मास्तरांसारखा गुरू मिळाला आणि शिक्षण नव्याने सुरू झालं. मग क्षयाने गाठलं. १९४८ साली हवापालट म्हणून देवासला आले. गाणं बंद. काही वर्षं अंथरुणाला खिळून माळव्याच्या बायकांची लोकगीतं कानावर पडत राहिली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कुमारजी परत गायला बसले तेव्हा ते गाणं कुठल्याही तबकडीवर नव्हतं. त्यांचं खरं पदार्पण ते. आणि त्या वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं मुळीच नाही. याला ख्याल म्हणायचं का, असं विचारणारे पारिपार्श्वक तेव्हाही होते.

आता माझ्या भाच्याच्या रॅपकडे येतो. हे सगळं काल-परवाचं खूळ आहे असा माझा समज होता. तसं नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क नावाच्या तरुणाने आपल्या बहिणीच्या जलशात तबकड्या वाजवल्या, तिथून हिप-हॉपचा जन्म मोजतात. म्हणजे याला पन्नाशी उलटली. पोरगेलं म्हणावं असं त्याचं वय राहिलेलं नाही. त्यांच्याकडेही सूत्रधार असतात. १९९४ साली नॅस या वीस वर्षांच्या मुलाचा 'इलमॅटिक' हा पहिला अल्बम आला, तेव्हा 'द सोर्स' या मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक दिले. नवख्याला एवढं? म्हणून बरीच चर्चा झाली. खप सुरुवातीला बेताचाच होता, दहा लाखांचा अधिकृत टप्पा गाठायला २००१ साल उजाडलं. पण आज त्या कलेच्या इतिहासात त्या अल्बमचं नाव पहिल्या पंगतीत असतं. लिहिणाऱ्याने खप बघितला नव्हता, ऐकलं होतं. आपल्याकडे २०१४ साली कुर्ल्याच्या नेझीने आयपॅडवर ध्वनिमुद्रण आणि चित्रण करून 'आफत' हे गाणं सोडलं. मोठी कंपनी नाही, स्टुडिओ नाही. आधी पोरांनी ऐकलं, मग २०१९ साली 'गली बॉय' आला तेव्हा आपण प्रौढांनी त्या गल्लीत डोकावून पाहिलं.

रॅपवाले स्वतःची फार फुशारकी मारतात, ही माझी दुसरी तक्रार होती. कालिदास 'रघुवंशा'च्या आरंभी स्वतःला मंदबुद्धी म्हणवतो, लहानशा होडक्यातून समुद्र ओलांडायला निघालोय म्हणतो. कुठे हा विनय आणि कुठे ती पोरं! पण मग भवभूती आठवला. हा आपला विदर्भातल्या पद्मपुरचा. त्याची तिन्ही नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली. हा कालप्रियनाथ म्हणजे उज्जैनचा महाकाल असं जुने टीकाकार मानत, महामहोपाध्याय मिराशींनी तो काल्पीचा ठरवला. या भवभूतीच्या वाट्याला सूत्रधाराची वकिली आली नसावी. 'मालतीमाधवा'त तो नाक मुरडणाऱ्यांना सरळ ऐकवतो, की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, माझ्यासारखा कोणीतरी कुठेतरी जन्माला येईल आणि त्याला हे कळेल. ही फुशारकी म्हणायची की एकट्या पडलेल्या माणसाचा धीर? आता ती पोरं छाती ठोकून बोलतात तेव्हा मला आधी त्यांचा एकटेपणा ऐकू येतो.

समारोहाच्या त्या रात्री मुक्कामाच्या जागी परतलो, भाच्याकडून ते गाणं परत मागवून घेतलं आणि या खेपेला कानात बोंडं घालून सबंध ऐकलं. दोनदा. खरं सांगतो वाचकहो, मधलं एक कडवं नुसत्या यमकांची भरताड आहे. शिव्या दोन-तीन कमी असत्या तर काही बिघडलं नसतं. पण शेवटाकडे तो पोर खाणीवरून बंद पडलेल्या ट्रकबद्दल बोलतो, बापाने वर्षानुवर्षं न विकता अंगणात ठेवलेल्या ट्रकबद्दल, तिथे त्याचा आवाज एकदम खाली येतो. मी गोव्यात इतकी वर्षं कविसंमेलनं ऐकली. असं अंगणात उभं राहिलेलं ते लोखंड मला तिथे कोणी दाखवलं नव्हतं. दाखवलं असेल तर मी ऐकलं नसेल.

हे मी भाच्याला कळवलं. जसं आहे तसं, यमकांच्या भरताडीसकट. त्याचा उलट निरोप आला, "म्हणजे लिहिणार?"

लिहिणार म्हणजे काय, हे लिहिलंच की. त्या मुलाचं नाव मात्र मी इथे मुद्दाम घातलेलं नाही. घातलं असतं तर तुम्ही माझ्या मतावर विसंबून राहिला असता, आणि त्याबद्दल सूत्रधार काय म्हणतो ते वर सांगितलंच आहे. तुमच्या घरातही कोणी भाचा, पुतण्या, शेजारची पोर असेलच. चवथीला, शिगम्याला कोणीतरी फोन पुढे करील. अर्ध्या मिनिटात परत देऊ नका. गाणं संपेपर्यंत थांबा, आणि मग जे वाटेल ते तोंडावर सांगा.

हरदत्ताचा प्रयोग बघायचा अजून राहिलाच आहे.